जलावगाहन आणि लवणोत्सर्जन : एका प्रश्नाचा इतिहास

१

पाणी आणि मीठ यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागाला अपरिचित नाही. बारामती तालुक्यातील पणदरे, माळेगाव आणि त्यांच्या आसपासची गावे नीरा डाव्या कालव्याच्या टापूत मोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हा कालवा वाहू लागला. जिराईत जमिनी बागाईत झाल्या. उसाचे पीक वाढले. आणि त्याबरोबरच या टापूतील सखल व निचरा नसलेल्या काळ्या जमिनींवर क्षारांचे पांढरे थर दिसू लागले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याच्या पत्रिकेद्वारे तो प्रसिद्ध केला. जमीन खारावते याचे कारण केवळ तिच्यात मीठ असणे हे नसते. भूजलाची पातळी वर चढते, पाण्याला खाली उतरण्यास वाट राहत नाही, आणि पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होऊन जाताना मीठ मागे उरते. म्हणून दोष शोधावयाचा तो मातीच्या गुणात जितका, तितकाच पाण्याच्या वाटेत शोधावा लागतो.

मानवी देहाच्या बाबतीत याच दोन पदार्थांचा एक वेगळा व प्रथमदर्शनी विपरीत वाटणारा संबंध आढळतो. जमीन पाण्यात बुडाली की मीठ वर येऊन साचते. मनुष्य पाण्यात बसला की त्याच्या शरीरातील मीठ बाहेर पडू लागते. निरोगी व्यक्तीला सुमारे ३४ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात, मस्तक वर ठेवून, मानेपर्यंत काही तास बसविले असता तिच्या मूत्रातून जाणाऱ्या सोडियमचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. त्या व्यक्तीने अधिक मीठ खाल्लेले नसते. त्वचेतून उल्लेखनीय असे पाणी आत शिरलेले नसते. शरीरातील एकंदर द्रवाचे प्रमाण पूर्वीइतकेच असते. तरीही मूत्रपिंडे अशा रीतीने वागतात की जणू शरीरात पाणी व मीठ यांचा अतिरेक झाला आहे आणि तो त्वरेने बाहेर टाकावयास हवा.

असे का व्हावे, या प्रश्नाचा इतिहास हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते असे आम्हांस वाटते. जलोपचार करणाऱ्यांनी या घटनेचे कारण दीर्घकाळ त्वचेत, उष्णतेत आणि पाण्यातील द्रव्यांत शोधले. ते सापडले पाण्याच्या भारात आणि त्या भारामुळे छातीकडे सरकणाऱ्या रक्तात. कारणाचे स्थान बदलले तेव्हाच प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आला. आणि त्याबरोबरच जुन्या उपचारांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीने करावे, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्नही अधिक नेमका झाला.

२

पाण्यात बसवून रोग्यावर उपचार करण्याची पद्धती भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आहेत; त्यांत अवगाह हा एक आहे. उष्ण क्वाथ, दूध, तैल इत्यादी द्रवांनी भरलेल्या पात्रात रोग्यास बसविणे, हे त्याचे स्वरूप. मूत्रकृच्छ्राच्या चिकित्सेतही अवगाहाला स्थान आहे. मात्र या उपचाराची उपपत्ती वातादी दोषांच्या शमनाची आहे. द्रवाचा भार हा विचार तेथे नाही, आणि तो तेथे शोधणे हे ग्रंथकारांवर अन्याय करणारे होईल. महाराष्ट्रात वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळील उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, खानदेशातील उनपदेव अशी उष्णोदकाची स्थाने आहेत. तेथे स्नानासाठी जाणाऱ्या लोकांची श्रद्धा पाण्याच्या उष्णतेवर, त्यातील गंधकादी द्रव्यांवर आणि स्थानाच्या पावित्र्यावर असते. युरोपातील खनिज झऱ्यांविषयीची समजूत याहून फारशी निराळी नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सायलेशियातील ग्रेफेनबर्ग येथे व्हिन्सेंट प्रिस्निट्झ याने थंड पाण्याच्या उपचारांना एका संप्रदायाचे रूप दिले आणि त्याचे अनुयायी युरोप-अमेरिकेत पसरले. या संप्रदायाच्या दाव्यांची चिकित्सा करताना फिलाडेल्फियाचा वैद्य हेन्री हार्टशॉर्न याने १८४७ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात, पाण्यात बसल्याने मूत्रप्रवाह वाढतो, याची नोंद केली. वैद्यकीय वाङ्मयात या घटनेची ही आरंभीची नोंद मानली जाते. अर्थात विहिरीत किंवा नदीत पोहणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. परंतु सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट ज्ञानाचा विषय होण्यासाठी कोणीतरी ती प्रश्नाच्या रूपाने मांडावी लागते. हार्टशॉर्नने ती लिहून ठेवली. तिचे स्पष्टीकरण पुढे शतकभर झाले नाही.

या परंपरेची एक शाखा महाराष्ट्राच्या इतिहासाशी निकट संबंधित आहे. लाइपझिग येथील लुई कूने याने कटिस्नान व घर्षणस्नान यांवर आधारलेली चिकित्सा प्रचारात आणली. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना कूने व ॲडॉल्फ जुस्ट यांचे ग्रंथ वाचले. १९०२ मध्ये मुंबईस त्यांचे द्वितीय पुत्र मणिलाल विषमज्वराने आजारी पडले असता त्यांनी कूनेच्या पद्धतीने कटिस्नानाचा प्रयोग केला, हे त्यांच्या आत्मकथेच्या वाचकांस ठाऊक आहे. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यविषयक जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात पाण्याच्या प्रकरणात या स्नानांचे सविस्तर विवेचन आहे. मार्च १९४६ मध्ये ते पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचन येथे राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रमाचा आरंभ झाला. मणिभाई देसाई यांनी तो पुढे वाढविला. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यास जलोपचाराचे एक महत्त्वाचे केंद्र पुणे जिल्ह्यातच निर्माण झाले होते. ज्या दशकात उरुळीकांचनला रोगी कटिस्नानाच्या टबात बसू लागले, त्याच्याच लगतच्या दशकात पाण्यात बसलेल्या शरीराचे रहस्य उलगडण्यास अन्यत्र प्रारंभ झाला. या दोन प्रवाहांचा परस्परांशी संबंध आला नाही. त्यांच्यातील अंतर कशामुळे पडले, हे पाहण्यासाठी प्रथम दुसऱ्या प्रवाहाचे स्वरूप समजून घ्यावयास हवे.

३

या घटनेचे पद्धतशीर मापन प्रथम पेन्सिल्वेनिया विद्यापीठात झाले. एच. सी. बॅझेट व त्यांचे सहकारी यांनी १९२४ मध्ये स्नानाच्या मानवी शरीरावरील परिणामांविषयी जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांतील एक कोमट पाण्याच्या स्नानाने होणाऱ्या मूत्रवृद्धीवर होता. मूत्राचे प्रमाण दिवसाच्या निरनिराळ्या वेळी आपोआप कमीअधिक होत असते; त्या स्वाभाविक भरती-ओहोटीचा हिशेब ठेवल्यावाचून स्नानाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. नंतरच्या सर्व प्रयोगांत, त्याच व्यक्तीला त्याच वेळी पाण्याबाहेर बसवून तुलनेसाठी मापे घेण्याची जी प्रथा रूढ झाली, तिचे मर्म येथे आहे.

प्रश्नाला खरी दिशा मिळाली ती येल विद्यापीठातील जॉन पीटर्स यांच्या एका कल्पनेने. शरीरातील द्रवांविषयी १९३५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी असे सुचविले की, मूत्रपिंडाला शरीरातील एकूण पाण्याचे ज्ञान होत नसून रक्तप्रवाहाच्या भरलेपणाचे ज्ञान होत असावे. हे भरलेपण शरीरात कोठे आणि कशाने जाणले जाते, हा प्रश्न त्यातून साहजिकच उत्पन्न झाला.

त्याचे पहिले समर्थ उत्तर ऑटो गाउअर आणि जेम्स हेन्री यांनी दिले. हे दोघे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वैमानिकीय वैद्यकाच्या क्षेत्रात एकत्र काम करीत होते. उड्डाणात रक्त शरीराच्या एका भागातून दुसऱ्या भागात कसे ढकलले जाते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. छातीतील दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा कमी ठेवून श्वासोच्छ्वास करविला असता रक्त छातीकडे ओढले जाते, आणि अशा वेळी मूत्रप्रवाह वाढतो, असे त्यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखविले. १९५६ मध्ये हेन्री, गाउअर व रीव्ह्ज यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत हृदयाच्या डाव्या अलिंदात छोटा फुगा फुगवून ते ताणले; तेव्हाही मूत्रप्रवाह वाढला. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, रक्ताचे भरलेपण जाणणारी केंद्रे अलिंदाच्या भित्तीत आहेत. त्यांची वार्ता प्राणेशा तंत्रिकेतून मेंदूकडे जाते. आणि मेंदू पोष ग्रंथीतून स्रवणाऱ्या मूत्रणरोधी अंतःस्रावाचे प्रमाण कमी करतो. ही उपपत्ती त्या दोघांच्या नावाने प्रसिद्ध आहे.

पाण्यात बसलेल्या माणसाला ही उपपत्ती लावणे आता सोपे झाले. पाण्यात दर मीटर खोलीस सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब वाढतो. पाय व पोट यांवर हा दाब छातीपेक्षा अधिक असतो. उभ्या किंवा बसलेल्या स्थितीत पायांच्या शिरांत जे रक्त गुरुत्वाकर्षणामुळे साठून राहते, ते या दाबाने पिळले जाऊन वर, म्हणजे छातीच्या पोकळीत, येते. शरीराच्या एकूण रक्तात थेंबाचीही भर पडली नाही तरी हृदयाला मात्र ते अधिक भासते. त्वचा ओली होणे, खनिजे आत शिरणे, रंध्रे मोकळी होणे या जुन्या कल्पनांची जागा अशा रीतीने पाण्याच्या भाराने घेतली.

४

तथापि या उपपत्तीत एक मोठी उणीव होती. मूत्रणरोधी अंतःस्राव कमी झाला तर मूत्रातून पाणी अधिक जाईल. परंतु मीठ अधिक का जावे? पाण्यात बसलेल्या मनुष्याच्या मूत्राचे आकारमान त्याने किती पाणी प्यायले आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते. सोडियमची वाढ मात्र तहानलेल्या माणसातही दिसते. तेव्हा मिठाच्या उत्सर्जनाचे स्वतंत्र कारण शोधणे प्राप्त होते.

त्या काळी सोडियमच्या नियमनाची दोन साधने ज्ञात होती. मूत्रपिंडातील केशिकागुच्छांतून किती रक्तद्रव गाळला जातो, हे पहिले. आणि अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे अल्डोस्टेरोन, हे दुसरे. अल्डोस्टेरोन १९५३ मध्ये लंडनच्या सिल्व्हिया सिम्सन व जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्याने वेगळे केले होते. परंतु १९६१ मध्ये ह्यू डी वॉर्डनर व त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांना लवणद्रव देऊन असे दाखविले की, गाळण कमी केले आणि अधिवृक्क ग्रंथीच्या अंतःस्रावांसारखी द्रव्ये भरपूर दिली, तरीही सोडियमचे उत्सर्जन वाढतेच. म्हणजे तिसरे काहीतरी कार्यकारी असले पाहिजे. या अज्ञात तिसऱ्या घटकाचा शोध पुढील दोन दशके वृक्कविज्ञानाचा एक प्रमुख विषय झाला.

त्याच सुमारास अवकाशप्रवासाच्या तयारीने जलावगाहनाला नवे महत्त्व दिले. अवकाशात गुरुत्वाचा भार नाहीसा झाल्यावर रक्त पायांत साठणार नाही, ते छातीकडे सरकेल. पाण्यातही तसेच होते. म्हणून पृथ्वीवर अवकाशाची नक्कल करावयाची तर माणसाला पाण्यात ठेवावे, असा हा विचार. अमेरिकन वायुदलातील वैद्य ड्युएन ग्रेव्हलाइन यांनी स्वतः सात दिवस पाण्यात राहून परिणामांचे निरीक्षण केले. तो वृत्तांत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७२ मध्ये स्वीडनमधील आर्बोरेलियस व त्यांचे सहकारी यांनी मानेपर्यंत पाण्यात बसलेल्या व्यक्तींच्या छातीत सुमारे ७०० मिलिलिटर रक्त अधिक येते आणि हृदयातून प्रतिमिनिट बाहेर पडणारे रक्त सुमारे एक-तृतीयांशाने वाढते, असे मोजून दाखविले. भाराची कल्पना आता आकड्यांत उतरली.

मूत्रपिंडाच्या बाजूने हा प्रश्न सर्वांत चिकाटीने कोणी हाताळला असेल तर तो मायामी येथील मरे एप्स्टाइन यांनी. निश्चित आहार, निश्चित तापमान, निश्चित वेळ, चार तासांचे अवगाहन आणि त्याच व्यक्तीची पाण्याबाहेरील तुलना, अशी त्यांची प्रयोगपद्धती होती. १९७१ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधमालेतून पुढील गोष्टी सिद्ध झाल्या. केशिकागुच्छांतील गाळण फारसे बदलत नाही. म्हणजे सोडियमची वाढ वृक्कनलिका ते कमी शोषून घेतात म्हणून होते. रक्तातील रेनिन व अल्डोस्टेरोन ही दोन्ही उतरून पूर्वीच्या सुमारे एक-तृतीयांशावर येतात. मूत्रणरोधी अंतःस्रावही घटतो. परंतु अल्डोस्टेरोनसारखे कार्य करणारे औषध बाहेरून दिले असतानाही सोडियमचे उत्सर्जन वाढतेच. म्हणून अल्डोस्टेरोनची घट हे एकमेव कारण मानता येत नाही. आणि चार तासांच्या अवगाहनाने होणारे सोडियमचे उत्सर्जन शिरेतून दोन लिटर लवणद्रव दिल्याने होणाऱ्या उत्सर्जनाच्या तोडीचे असते.

या शेवटच्या निष्कर्षाचे महत्त्व ध्यानात घ्यावयास हवे. शिरेतून द्रव दिला असता रक्त पातळ होते, त्यातील घटकांचे प्रमाण बदलते, आणि तो द्रव शरीरात राहून जातो. अवगाहनात बाहेरून काहीच दिले जात नाही. पाण्यातून बाहेर येताच रक्त पुन्हा पायांकडे उतरते. शरीराच्या अंतर्व्यवस्थेला प्रश्न विचारण्याचे असे निरुपद्रवी आणि पूर्ववत् करता येणारे साधन वृक्कविज्ञानाला पूर्वी लाभले नव्हते.

५

तिसऱ्या घटकाच्या शोधाला अनपेक्षित वळण मिळाले ते हृदयाकडूनच. अलिंदाच्या स्नायुपेशींत सूक्ष्म कण असतात, हे १९५६ मध्ये ब्रुनो कीश यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. १९६४ मध्ये जेमीसन व पलाडे यांनी त्यांचे बारकाईने वर्णन केले. स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथींच्या पेशींत आढळणाऱ्या कणांशी त्यांचे साम्य होते. परंतु हृदय हे रक्त ढकलणारे यंत्र आहे, ग्रंथी नव्हे, ही समजूत इतकी दृढ होती की त्या कणांचे प्रयोजन पुष्कळ वर्षे अनिश्चित राहिले. १९८१ मध्ये कॅनडातील अडॉल्फो डी बोल्ड व त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांत त्यांच्या मूत्रातील पाणी व सोडियम यांचे प्रमाण प्रचंड वाढले. निलयाच्या स्नायूंच्या अर्काने असे झाले नाही. पुढील तीन-चार वर्षांत या द्रव्याची रचना निश्चित झाली. मानवी रक्तात फिरणारे हे अलिंदी पेप्टाइड २८ ॲमिनो अम्लांचे बनलेले आहे.

म्हणजे गाउअर व हेन्री यांनी अलिंदाला ज्ञानेंद्रियाचे स्थान दिले होते. आता ते अंतःस्रावी ग्रंथीही ठरले. ताण जाणणारा आणि त्याचा संदेश धाडणारा, या दोन्ही भूमिका एकाच स्नायूकडे आल्या. पाण्यात बसलेल्या माणसाच्या रक्तात हे पेप्टाइड वाढते काय, हे पाहण्याची उत्कंठा साहजिक होती. १९८६ च्या सुमारास एप्स्टाइन यांच्यासह अनेक संशोधकांनी ते वाढते असे दाखविले.

येथे शोध पूर्ण झाला असे म्हणण्याचा मोह होतो, पण वस्तुस्थिती तशी नाही. पेप्टाइडचे प्रमाण आणि सोडियमचे उत्सर्जन यांच्या वेळा तंतोतंत जुळत नाहीत. पेप्टाइड लवकर वाढते, तर सोडियमचे उत्सर्जन सावकाश वाढत जाऊन काही तासांनी शिखर गाठते. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या अनुकंपी तंत्रिकांचा उत्तेज कमी होणे, रेनिन व अल्डोस्टेरोन यांची घट, मूत्रपिंडात निर्माण होणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये, आणि ऊतींतील द्रव दाबाने रक्तवाहिन्यांत शिरून रक्त किंचित पातळ होणे, या सर्वांचा त्यात वाटा आहे. तिसरा घटक म्हणून ज्याचा शोध चालला होता ते एक द्रव्य नसून परस्परांना साहाय्य करणाऱ्या अनेक यंत्रणांचा समुच्चय आहे, असेच आज मानावे लागते.

६

या संशोधनाचे महत्त्व निरोगी स्वयंसेवकांपुरते मर्यादित नाही. यकृत् सूत्रणरोगाने पीडित झालेल्या कित्येक रोग्यांच्या पोटात पाणी साठते, पाय सुजतात, आणि त्यांच्या मूत्रातून सोडियम जवळजवळ जातच नाही. असा रोगी मिठाने व पाण्याने भरलेला असतो, आणि तरीही त्याची मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. मूत्रपिंडेच बिघडली आहेत, की त्यांना मिळणारी वार्ता चुकीची आहे? रोग्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. उपचाराची दिशा त्यावर अवलंबून असते.

अवगाहनाने या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मार्ग दिला. एप्स्टाइन यांनी १९७० ते १९८० या दशकात अशा रोग्यांना पाण्यात बसवून पाहिले. प्रतिसाद सर्वांत सारखा नव्हता. परंतु त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मूत्रातून सोडियम निरोगी माणसाइतक्या किंवा त्याहून अधिक प्रमाणात बाहेर पडू लागले. ज्या मूत्रपिंडांनी कित्येक दिवस मीठ सोडले नव्हते, त्यांनी ते छातीत रक्त भरताच सोडले. यावरून या रोग्यांत मीठ सोडण्याची मूत्रपिंडांची शक्ती शाबूत असते. हृदयाला व मोठ्या रक्तवाहिन्यांना मात्र रक्त अपुरे भासत असते, आणि त्या भासानुसार मूत्रपिंडे वागतात, या मताला मोठी पुष्टी मिळाली. नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनीचा दृष्टांत येथे काही अंशी उपयोगी पडतो. केवळ माती तपासून जमिनीचा रोग कळत नाही. पाणी कोठे साठले आहे आणि निचऱ्याचा चर कोठे अडला आहे, हे पाहावे लागते. देहातही द्रव किती आहे याइतकेच तो कोठे आहे, हे निर्णायक ठरते. दृष्टांत येथवरच ताणावा. जमिनीला हृदय नसते आणि तिच्याकडून संदेशही जात नाहीत.

जुन्या उपचारांच्या इतिहासावर या संशोधनाने कसा प्रकाश पडतो, याचे एक बोधप्रद उदाहरण इंग्लंडमधील बाथ येथील आहे. तेथील खनिज झऱ्यांच्या रुग्णालयात अठराव्या शतकापासून शिशाच्या विषबाधेने लुळे झालेले रोगी उपचारासाठी येत, आणि त्यांना मानेपर्यंत कोमट पाण्यात दीर्घकाळ बसविले जाई. ऑड्री हेवूड यांनी त्या रुग्णालयाच्या जुन्या नोंदी अभ्यासल्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधुनिक पद्धतीने निरोगी व्यक्तींना तेथील पाण्यात बसवून मूत्र व सोडियम यांची वाढ मोजली. तो वृत्तांत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिशाशी व्यवसायाने संबंध येणाऱ्या कामगारांच्या मूत्रातील शिसेही अवगाहनाने वाढते, असे त्यांना आढळले. येथे जुना उपचार आणि नवा प्रयोग यांतील अटी जवळजवळ सारख्या होत्या. पाणी कोमट होते, ते मानेपर्यंत होते, आणि वेळ दीर्घ होता. म्हणूनच तुलना न्याय्य ठरली. झऱ्यातील खनिजांना दिलेले श्रेय मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

७

आता उरुळीकांचनच्या टबाकडे वळता येईल. कूनेच्या कटिस्नानात रोगी उथळ टबात बसतो. पाणी थंड असते. ते सामान्यतः नाभीपर्यंत येते. पाय टबाच्या बाहेर असतात. आणि स्नानाची मुदत थोडी असते. एप्स्टाइन यांच्या टाकीतील मनुष्य मात्र सुखद कोमट पाण्यात मानेपर्यंत तासन् तास बसतो. बाहेरून पाहता दोघेही पाण्यात बसलेले आहेत. पण ज्या भाराने पायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते, तो भार कटिस्नानात जवळजवळ नसतोच. थंड पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन मूत्र वाढू शकते, परंतु तो परिणाम निराळ्या कारणाचा आहे. तेव्हा जलावगाहनाच्या आधुनिक संशोधनाचा आधार घेऊन कटिस्नानाला शास्त्रीय प्रमाणपत्र देणे जसे अयोग्य, तसेच कटिस्नानाची उपपत्ती जुनी आहे म्हणून पाण्यातील बैठकीचा शरीरावर काही परिणाम होतच नाही असे म्हणणेही अयोग्य. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे : ‘पाणी’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या घटना एकत्र केल्या जातात.

पणदऱ्याच्या परिसरातील नित्याचा अनुभव घेतला तरी हा भेद स्पष्ट होतो. रात्री उसाला दारे धरणारा शेतकरी घोट्याएवढ्या पाण्यात तासन् तास वावरतो. त्याला वारंवार लघवीस जावे लागले तर त्याचे कारण मुख्यतः थंडी होय. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकणारा मुलगा गळ्यापर्यंत पाण्यात असतो. त्याच्या शरीरावर पाण्याचा भार असतो, पण त्याबरोबर श्रम, थंडी आणि भीती हीही असतात, आणि त्यांचे परिणाम काही अंशी उलट दिशेचे असतात. कोमट झऱ्याच्या खोल कुंडात निवांत बसलेला यात्रेकरू प्रयोगशाळेतील स्वयंसेवकाला या तिघांत सर्वांत जवळचा. खोली, तापमान, काल आणि शरीराची स्थिती, या चार गोष्टी सांगितल्यावाचून पाण्याच्या परिणामाविषयी केलेले कोणतेही विधान अपुरे राहते.

प्रयोगशाळेलाही या नियमातून सूट नाही, हे अवकाशप्रवासाने दाखवून दिले. ज्या साम्यावर विसंबून माणसांना पाण्यात ठेवले गेले, ते साम्य अपुरे निघाले. अवकाशयानात मध्यवर्ती शिरेतील दाब प्रत्यक्ष मोजला असता तो वाढण्याऐवजी उतरलेला आढळला. त्याविषयीचा एक प्रमुख निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ मधील एका अवकाशमोहिमेत पीटर नॉर्स्क व त्यांचे सहकारी यांनी अंतराळवीरांना शिरेतून लवणद्रव दिला. तेव्हा मूत्रपिंडांचा प्रतिसाद पृथ्वीवरील अपेक्षेपेक्षा मंद होता. पाण्यातील मनुष्याच्या अंगावर बाहेरून दाब असतो. अवकाशातील मनुष्याच्या अंगावर तो नसतो. रक्त दोघांच्याही छातीकडे सरकते, परंतु ज्या परिस्थितीत ते सरकते ती वेगळी असते. म्हणजे ज्या संशोधकांनी जुन्या जलोपचारकांची त्वचाविषयक उपपत्ती मागे टाकली, त्यांनाही पुढे आपल्या साम्याच्या मर्यादा मान्य कराव्या लागल्या.

या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे महाराष्ट्रात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. निसर्गोपचाराची वाटचाल, उष्णोदकाच्या झऱ्यांवरील प्रथा, आयुर्वेदीय अवगाहाचे प्रयोग, यांविषयीची साधने आजवर मुख्यतः श्रद्धेच्या किंवा अश्रद्धेच्या दृष्टीने वाचली गेली आहेत. ती वाचताना रोगी बरा झाला की नाही एवढेच न पाहता, तो किती खोल पाण्यात बसला, पाणी किती ऊन होते, आणि तो किती वेळ बसला, हे टिपून घ्यावे. ज्या नोंदींत ही माहिती मिळेल, त्यांची तुलना आजच्या ज्ञानाशी करता येईल; ज्यांत ती मिळणार नाही, त्यांच्याविषयी बाजूने किंवा विरुद्ध निर्णय देण्याचा अधिकार इतिहासकाराला पोचत नाही. प्रिस्निट्झचे अनुयायी आणि त्यांचे टीकाकार परस्परांच्या मतांचे खंडन करण्यात गुंतले असता, हार्टशॉर्नने त्या वादात एक साधे निरीक्षण लिहून ठेवले. वाद मागे पडला. उपयोगी पडले ते निरीक्षण.